पाऊण तासाची मांडी

माझ्या नातीच्या लग्नात तिला मांडीवर घेऊन पाऊण तास बसायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. बाकी सगळं लग्न इतरांनी केलं. हॉल त्यांनी ठरवला, आचारी त्यांनी ठरवला, साड्या त्यांनी निवडल्या, आणि सगळं झाल्यावर मला विचारलं, "आई, चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. मला फक्त बसायचंय. पण बसणं हीच एक गोष्ट मला जमत नव्हती.

गुडघे दुखतात म्हणून नव्हे. माझे गुडघे ठणठणीत आहेत. नुंगंबाक्कमच्या आमच्या घराला तीन जिने आहेत आणि लिफ्ट बंद पडली की माझा मुलगा खाली उभा राहून उसासे टाकतो, मी तोवर भाजी घेऊन वर पोचलेली असते. अडचण बसल्यावर सुरू होते. संध्याकाळचे सात वाजले की पोटऱ्यांच्या आत काहीतरी उठायचं. ते दुखणं नव्हे, मुंग्या नव्हेत, गोळा येणंही नव्हे. सोड्याची बाटली हलवून हाडात ओतावी तसं. पाय झाडला की थांबायचं, ठेवला की पुन्हा सुरू. उठून चाललं की एकदम बरं. म्हणून मी चालायचे. टीव्हीवरच्या मालिका मी बारा वर्षं उभ्याने पाहिल्या. स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत अठरा पावलं आहेत, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. झोप मात्र येत नसे.

माझ्या आईलाही हेच होतं. आमच्या सांगलीकडच्या गावात लोक म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. आईला वाटायचं हे कौतुक आहे. मी चौथी शिकले आणि लग्न होऊन नवऱ्याच्या गलाईच्या दुकानामागे इथे मद्रासला आले. गलाई म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा. आमच्याकडची माणसं या धंद्यासाठी कुठेकुठे जातात. नवरा भट्टीपुढे दिवसभर बसायचा आणि मला म्हणायचा, "तू एक जागी बस की जरा." तो गेला, तोवर काही मी बसले नव्हते.

याला रोगाचं नाव आहे हे मला सत्तरीनंतर कळलं. मुलगा मला गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, पाय स्वस्थ बसू देत नाहीत असा आजार असतो, मेंदूतल्या एका रसायनाचं काम बिघडतं, औषध आहे. मी म्हटलं, "असलं रडतराऊत नाव रोगाला कोण देतं?" त्यांनी एक गोळी लिहून दिली. प्रामिपेक्सोल. गोळी तिळाएवढी आणि नाव मारुतीच्या शेपटाएवढं. सोबत रक्तासाठी लोहाच्या गोळ्याही दिल्या.

पहिल्याच संध्याकाळी मी गोळी घेऊन खुर्चीत बसले. सात वाजले, साडेसात झाले. पाय ठेवले होते तिथेच. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मालिका संपली, बातम्या संपल्या. सून बाहेर येऊन म्हणाली, "आई, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, "मला इतकं बरं आहे की आजचं ताट इथेच आण." त्यानंतरचे सहा-सात महिने मी नुसती बसत सुटले. देवळात बसले, पार्लरमध्ये नातीची वाट बघत बसले, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे दीड दीड तास बसले. ती तंजावरची मराठी बाई, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचं मराठी ऐकलं की जुनी पोथी बोलतेय असं वाटतं, मधेच ती पोथी तमिळमध्ये भांडायला लागते. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही आधी वारा होतां, आतां डोंगर झालां." मी म्हटलं, "डोंगराला कॉफी दे."

या डोंगराच्या दिवसांतच नातीचं लग्न ठरलं.

मुलगा तमिळ, तिच्याच ऑफिसातला. त्यांच्या घरी बोलणी करायला गेलो तेव्हा मुलाच्या आईने रीत समजावली. आमच्यात अंतरपाट धरतात, अक्षता मारतात आणि जेवायला मोकळे होतात. त्यांच्यात मंगळसूत्र बांधताना नवरी बापाच्या मांडीवर बसते. बाप साळीच्या पोत्यावर, नवरी बापावर, आणि नवरा समोरून गाठ मारतो. ऐकताना माझ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या पाठीतली गादी सरकलेली. सून म्हणाली, "यांना पाण्याची बादली उचलायची बंदी आहे."

"मग मी आहे ना!" सुनेचा भाऊ म्हणाला आणि त्याने मांडीवर थाप मारली. हा मामा बंगळूरचा, मनाने फार चांगला. पण थाप मांडीवर पडली नाही, पोटावर पडली. त्याला मांडी अशी नाहीच. पोट जिथे संपतं तिथून गुडघा सुरू होतो.

नातीने मामाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "मी आजीच्या मांडीवर बसणार," ती म्हणाली.

"आजीच्या?" मामा हसला. "मावशी दोन मिनिटं तरी एका जागी बसतात का?"

"घड्याळ बघ," मी म्हटलं. "तुझं बोलणं ऐकत सव्वा तास बसलेय. याहून अवघड काय असणार?"

मुलाची आई खो खो हसली. ती निवृत्त शाळामास्तरीण, तिच्या हसण्याला घंटेचा आवाज आहे. मला वाटलं होतं विधवा म्हणून कुणीतरी नाक मुरडेल, म्हणून मीच सरळ विचारून टाकलं. तिने तिथल्या तिथे त्यांच्या वाध्यारांना, म्हणजे भटजींना, फोन लावला. ते म्हणाले, आजी बसली तर पोत्याची काही तक्रार नाही, माझीही नाही. फक्त पाऊण तास हलायचं नाही, नवरीला हलू द्यायचं नाही. ठरलं. मामा राखीव. मुहूर्त तमिळ तै महिन्यातला, म्हणजे संक्रांतीनंतरचा, सकाळचा. मला सकाळी त्रास कधीच नसायचा. मी म्हटलं, मग तर खिशातच आहे.

महिनाभरात संध्याकाळी पाच वाजता पोटऱ्यांत सोडा फुटला.

मी चौथी शिकलेली असले तरी हिशेब मला येतो. एका गोळीने सातचं पाचवर आलं, तर दोन गोळ्यांनी पाचचं सातवर जाईल. मी कुणाला न विचारता दोन घेतल्या. आठ दिवस बरं वाटलं आणि मग ते दुपारी दोनला आलं. मग जेवायच्या वेळेला. मग भाकरी थापताना उजवा हात आपला आपणच ताल धरायला लागला. सून म्हणाली, "आई, भाकरीला नक्षी कसली?" मी म्हटलं, नवीन पद्धत आहे. एके दिवशी सकाळी साडेआठला, हातात कॉफीचा टंबलर असताना, पाय उठला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मुहूर्त साडेआठचाच होता.

आणि घागरींचं सांगायचं राहिलं. त्याच दिवसांत मला घागरी घ्यायची बुद्धी झाली. आमच्या गल्लीत एक माणूस तीनचाकी सायकलवर प्लास्टिकच्या घागरी घेऊन येतो, इथे त्यांना कुडम म्हणतात. केशरी, पोपटी, जांभळ्या, असे रंग की डोळे धुऊन निघावेत. पहिली घेतली तेव्हा म्हटलं, उन्हाळ्यात पाण्याची ओढ होईल. दुसरी पहिलीला सोबत म्हणून. तिसरीपासून कारण सांगायची गरजच वाटेना. त्याची हाक ऐकली की अंगात उत्सव संचारायचा. मी जिन्यावरून धावत उतरायचे. काखेत नवी घागर घेऊन वर येताना मला जो आनंद व्हायचा तसा स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. आमच्या नळाला चोवीस तास पाणी आहे. घागरी मी पलंगाखाली, माळ्यावर, गॅलरीतल्या कपाटामागे ठेवत होते. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं नाही हे कळत होतं, म्हणजे काहीतरी चुकतंय हेही कळत असणार. पण घागर समोर आली की ते कळणं कुठे जायचं कोण जाणे.

दिवाळीच्या आधी सुनेने माळा साफ करायला घेतला. दार उघडलं आणि अकरा घागरी तिच्या डोक्यावर आल्या. प्लास्टिकच्या, म्हणून वाचली. ती स्टुलावरच बसली आणि म्हणाली, "अहो आई, आपण काय गाव वसवणार आहोत?" मला इतकं हसू आलं की मीही खाली बसले, आणि लगेच उठले, कारण पाय.

नातीला मात्र हसू आलं नाही. ती दुसऱ्याच दिवशी मला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. इथे आजीला पाटी म्हणतात. तिने विचारलं, "पाटी, अलीकडे एखादी नवीन सवय? पत्ते, खरेदी, काही?"

"काही नाही," मी म्हटलं.

"घागरी," नात म्हणाली.

"किती?"

"तेवीस."

"सव्वीस," मी म्हटलं. खोटं कशाला बोला. "तीन तंजावरवालीकडे ठेवल्यात."

डॉक्टर बाईने खाली मान घालून लिहिलं. तिचे खांदे हलत होते. मग वर बघून तिने सरळ सांगितलं. ही गोळी आधी सोन्यासारखी चालते. नंतर काही लोकांत तीच रोग वाढवते, त्रास दुपारी येतो, मग सकाळी, मग हातात. तेव्हा लोक गोळ्या वाढवतात आणि आगीत तूप ओततात. आणि तीच गोळी डोक्यातला लगामही सैल करते. कुणी जुगार खेळतं, कुणी खात सुटतं. "पूर्वी आम्हीही हीच गोळी सगळ्यांत आधी द्यायचो," ती म्हणाली. "आता आधी देत नाही."

"म्हणजे घागरी गोळीने घेतल्या?"

"बहुतेक."

मी नातीकडे वळून म्हटलं, "आईला सांग. गोळीने घेतल्या."

पुढे तिने विचारलं, लोहाच्या गोळ्या घेता का. मी म्हटलं, वर्षभर, एक दिवस चुकलेला नाही. मग हा रक्ताचा रिपोर्ट असा का, ती म्हणाली. अंगात वरवर रक्त ठीक दिसतं, पण लोहाचा साठा तळाला गेलाय, आणि साठा कमी असला की हे पाय असे वागतात. तिने पेन खाली ठेवलं. "गोळी कशाबरोबर घेता?"

"कशाबरोबर म्हणजे? कॉफीबरोबर."

आता यात विचारायचं काय ते मला समजेना. या शहरात सकाळी पोटात पहिली कॉफी जाते. कॉफीआधी पाणी पिणारा माणूस आजारी समजतात. दाट डिकॉक्शन, उकळतं दूध, टंबलरातून वाटीत आणि वाटीतून टंबलरात उंचावरून ओतून फेस आणलेला. त्या फेसाबरोबर मी बीपीची, थायरॉइडची, लोहाची, सगळ्या गोळ्या एकदम घशाखाली लोटते. कुठलीही गोळी मी पन्नास वर्षं अशीच घेतेय. सगळ्या बिल्डिंगीतल्या बायका असंच करतात.

डॉक्टर बाई म्हणाली, "कॉफी लोहाला पोटातच धरून ठेवते. तुमच्या वर्षभराच्या गोळ्या तुम्ही गटारात टाकल्या असत्या तरी चाललं असतं. आणि थायरॉइडची गोळीसुद्धा पाण्याबरोबर, पाटी. नुसत्या पाण्याबरोबर."

"त्या डॉक्टरांनी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

"मला काय माहीत विचारायचं असतं!"

मग झोपेसाठी काही घेता का, हा प्रश्न आला. मी म्हटलं, शेजारीण सर्दीची गोळी देते, चांगली गुंगी येते. डॉक्टर बाईने डोळे मिटले. सर्दीच्या त्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या पायांना आणखी चेव आणतात म्हणे. मला वाटलं, अरे देवा, मी काय खाल्लं नाही ते तरी सांग.

"आता असं करू," ती म्हणाली. सर्दीची गोळी आजपासून बंद. जुनी गोळी बंद करायची, पण एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने, आठवडे लावून. एकदम सोडली तर पाय सूड उगवतील. लोह तोंडावाटे दिलं तर साठा भरायला फार वेळ लागेल आणि लग्न जवळ आलंय, तेव्हा शिरेतून. आणि संध्याकाळी एक दुसऱ्या जातीची कॅप्सूल, प्रेगाबॅलिन, आधी मूत्रपिंडाची तपासणी करून, अगदी लहान मात्रेत, कारण या वयात तिने तोल जातो आणि माणूस पडतो. "हिने घागरी घ्याव्याशा वाटणार नाहीत," ती म्हणाली. याहून कडक औषधं आहेत, अफूच्या घराण्यातली, पण त्या कपाटाला आपण इतक्यात हात लावायचा नाही.

मी एकच विचारलं. "लग्नात बसेन का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "बसावं असं मला वाटतं." ही बाई मला तिथेच आवडली.

घरी येताना मी आधी खालच्या मजल्यावर गेले. "तू मला वर्षभर विष दिलंस," मी तंजावरवालीला म्हटलं. ती म्हणाली, "अय्यो अक्का, विष असतें तर तुम्ही भांडायला आला असतां काय?" मी तिच्याच हातची कॉफी प्यायले आणि वर आले.

गोळी कमी करायचे ते आठवडे वाईट गेले. यावर फार लिहीत नाही. रोगाने जेवढं छळलं नव्हतं तेवढं त्या औषधाने सुटताना छळलं. मी अठरा पावलं मोजत चालत राहिले. त्यात मामाचा बंगळूरहून रोज फोन. "मावशी, कसं काय? जमेल ना? नाहीतर मी आहेच हं." पहिल्या दिवशी मला ते काळजीचं वाटलं. तिसऱ्या दिवशी सुनेने सांगितलं की मामाने भात सोडलाय आणि तो रोज पहाटे बागेत पळतो. मांडी काढतोय. मी सुनेला म्हटलं, "त्याला सांग, म्हातारी अजून उभी आहे." खरं तर मी उभीच होते, हीच तर अडचण होती.

शिरेतून लोह द्यायला दवाखान्यात दुपारभर पडून राहावं लागलं. बाटलीतलं ते पाणी हुबेहूब बिनदुधाच्या डिकॉक्शनच्या रंगाचं. मी नर्सला म्हटलं, "हे तर मी रोज तोंडाने घेतेय." तिला काही कळलं नाही. ती म्हणाली, पाटी, हात हलवू नका.

आणि कॅप्सूलची पहिली संध्याकाळ! घरभर फरशी हलत होती. मागे एकदा बसने कोवलमला गेलो होतो तेव्हा कोळ्यांच्या होडीत पाय ठेवला होता, अगदी तसं. मी भिंत धरून स्वयंपाकघरात गेले, भिंत धरून परत आले, आणि मला सगळ्याचंच हसू यायला लागलं. नेमका त्याच वेळी मुलाच्या आईचा फोन आला. मी तिला सांगितलं, तुमचा मुलगा चांगला आहे, पण तुमचं सांबार पाणचट आहे. नातीने माझ्या हातून फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला फोन केला तर ती म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्या सासूला हेच म्हणायचं होतं, तिला धीर झाला नाही." तेव्हापासून आमचं जमलं. मात्रा आणखी कमी केली, चार-पाच दिवसांत फरशी जागेवर आली.

लोह अंगात मुरायला वेळ लागतो. पोंगल येईपर्यंत मी आठवड्यातले चार-पाच दिवस नीट बसायला लागले. सायकलवाल्याची हाक आली तरी काही वाटेना. एकदा मुद्दाम गॅलरीत जाऊन बघितलं. नुसत्या घागरी होत्या.

मग तालीम सुरू झाली. वाण्याकडून साळ मिळेना, म्हणून पंचवीस किलो तांदळाचं पोतं हॉलमध्ये टाकलं, त्यावर मी, माझ्यावर नात, आणि फोनवर घड्याळ लावलेलं. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं. नवव्या मिनिटाला माझा पाय असा उडाला की नात सोफ्यावर जाऊन पडली. आम्ही दोघी हसत बसलो, सून दारात कपाळाला हात लावून उभी. मग वीस मिनिटं, मग अठ्ठावीस. लग्नाच्या आदल्या आठवड्यात पस्तीस. पंचेचाळीस एकदाही झाली नाहीत. नात म्हणाली, "आजी, नाही झालं तर मामा आहे गं, तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट वाटायचं काय त्यात," मी म्हटलं. "तू घसरशील एवढंच."

पण मला बसायचं होतं. ही पोर सहा महिन्यांची होती तेव्हा तिची आई बँकेत जायची आणि ती माझ्याजवळ असायची. तेव्हाही मी तिला काखेत घेऊन चालतच राहायचे. तिला मांडीवर घेऊन निवांत बसले असं मला आठवत नाही. तिला आठवायचा तर प्रश्नच नाही. एकदा बसायचं होतं, बस.

लग्नाच्या दिवशी मी कॉफीला हात लावला नाही. पाण्याबरोबर गोळ्या घेतल्या. हॉलमध्ये पोचल्यावर मुलाच्या आईने बघितलं आणि म्हणाली, "कॉफी नाही? इतकं गंभीर आहे प्रकरण?" मामा खांबाशी उभा, रेशमी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, नेसून. बारीक झाला होता खरा. पोट आणि गुडघा यांच्यामध्ये चार बोटं जागा दिसत होती. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, पैलवान कुस्तीआधी हलवतात तशी.

पोतं साळीचंच होतं, आणि साळ टोचते. नात नऊवारी नेसून आली, कांजीवरम, चालताना सगळी सळसळ. ती माझ्या मांडीवर बसली. मंत्र सुरू झाले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पाय ठेवले होते तिथेच. मग मंगळसूत्र ताटात घालून वडीलधाऱ्यांच्या हातून आशीर्वादासाठी फिरवायला काढलं. हॉलभर माणसं, सगळीच वडीलधारी. ताट मागच्या रांगेत गेलं आणि दिसेनासं झालं. कुणीतरी फोटो काढायला थांबवलं असणार. सुनेच्या मनगटावर घड्याळ होतं, मला दिसत होतं. अठ्ठावीस मिनिटं. तीस.

उजव्या पोटरीत सोडा फुटला.

मी दात दाबले. अंगठा आत ओढला, टाच जमिनीत रोवली. जाईना. नातीला कळलं. वळता येत नव्हतं, म्हणून ती समोर बघतच पुटपुटली, "आजी, पाय?"

"काही नाही."

"थरथरतोय तुझा. मामाला बोलावू?"

"बोलावलंस तर मी उठून मागच्या रांगेत जाऊन ताट शोधीन. तूच ठरव."

मामा खांबापासून एक पाऊल पुढे आला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत गेला. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, ही पोर इतकी हलकी कशी? साठ किलोची मुलगी, वर दागिने, वर नऊवारी. मी खाली बघितलं तर हिच्या टाचा जमिनीवर घट्ट रोवलेल्या, मांड्या ताणलेल्या. ही बसलीच नव्हती. अर्धी उभी होती. मला भार नको म्हणून तालमीतही रोज अशीच अधांतरी असणार.

"तू बसलीयस कुठे गं?" मी म्हटलं.

"अगं, तुला वजन नको..."

"माझ्या पायांना वजनच हवंय. ते मोकळे सुटले की उठतात. टेक."

"आजी, मी जड आहे."

"म्हैस असलीस तरी टेक. सगळी टेक."

तिने पाय सैल सोडले आणि धप्पकन बसली. पोत्यातली साळ करकरली. तिचा सगळा भार माझ्या मांड्यांवर आला आणि मांड्यांतून खाली गेला. पोटऱ्या पोत्याच्या कडेवर दाबल्या गेल्या. सोडा एकदा फसफसला, पुन्हा फसफसायला बघत होता, आणि दबला. मी श्वास सोडला. नातीने विचारलं, "आता?"

"आता हलू नकोस. चुकूनसुद्धा."

ताट आलं. वाध्यारांनी हात वर केला आणि वाजंत्र्यांनी एकदम असा दणका उडवला की त्या आवाजाने माझ्या कानातल्या कुड्यासुद्धा हलल्या. त्याला गेट्टी मेळम म्हणतात. गाठ बांधताना कुणाची शिंक किंवा अपशकुनी शब्द ऐकू जाऊ नये म्हणून. नवरा वाकला, त्याने एक गाठ मारली, अक्षता उडाल्या, अर्ध्या माझ्या तोंडात गेल्या. नात रडतेय की हसतेय ते मला मागून दिसेना. तिची पाठ हलत होती एवढं खरं. माझे पाय हलत नव्हते.

मग तिला उठवून पुढच्या विधीला नेलं. मी उठायला गेले आणि उठता येईना. दोन्ही पाय लाकूड झाले होते. पाऊण तास बसून, त्यात शेवटी साठ किलो घेतल्यावर दुसरं काय होणार. मी उजव्या पायाला मनात म्हटलं, हल. नाही हलला. डाव्याला म्हटलं. तोही नाही. जन्मभर ज्यांना थांब थांब म्हणत आले, ते आता हल म्हटलं तरी हलेनात. मला हसू फुटलं आणि थांबेना. मुलाची आई एका बाजूने आली, मामा दुसऱ्या बाजूने. "मावशी, जिंकलात हो," तो म्हणाला, "भात खायला मोकळा केलात मला." त्याने माझ्या दंडाला धरलं.

"थांबा," मी म्हटलं. "इतक्यात उचलू नका. बसू द्या जरा."